दोरीवरच्या सात चादरी

मॅडम : जिना चढतानाच मोजल्या मी, काकू. सात चादरी. आणि घरात माणसं दोन.

काकू : म्हणजे आधी दोरी बघितलीत आणि मग माझं तोंड.

मॅडम : बघायचंच काम आहे माझं. तुम्ही वॉशिंग मशीनसाठी अर्ज केलाय. दरमहाच्या मदतीवरची ही जादा मदत एकदाच मिळते, म्हणून घर बघून मगच शेरा मारायचा असतो.

काकू : आणि एकदा ही दिली की महिन्याची हळूच बंद करायची. ठाऊक आहे मला. खालच्या म्हातारीला गादी दिलीत आणि दोन महिन्यांत तिची फाइल गायब.

मॅडम : गायब कसली? त्या मुलीकडे राहायला गेल्या.

काकू : तुम्ही म्हणाल तसं.

मॅडम : चादरी कोणाच्या आहेत?

काकू : आमच्याच. बसा ना. आणि जरा हळू बोला, हे आत पडलेत.

मॅडम : झोपलेत?

काकू : रेडिओ ऐकतायत.

मॅडम : एवढ्या मोठ्याने लावलाय, माझं बोलणं कुठलं ऐकू जातंय त्यांना. काकू, सरळच विचारते. तुम्ही लोकांची धुणी धुता का?

काकू : कोण म्हणालं?

मॅडम : ऑफिसात पत्र आलंय. तुमच्या दोरीवर रोजच्या रोज ढीगभर चादरी असतात म्हणून.

काकू : सही कोणाची आहे त्याच्यावर?

मॅडम : सही नाही.

काकू : नसणारच. समोरची असेल. मी शिंकले तरी तिला तिच्या खिडकीत कळतं.

मॅडम : ते जाऊ दे. धुण्याचे पैसे येत असतील आणि तुम्ही कळवले नसतील, तर मशीन राहिलं बाजूला, महिन्याची मदतसुद्धा थांबेल. घाबरवत नाही, नियम सांगतेय.

काकू : हे हात बघा माझे. साबणाने सोलून निघालेत. पैसे येत असते तर रबरी हातमोजे नसते घेतले?

मॅडम : मग सात चादरी कशा? अर्जात कारण लिहिलंय, 'घाम'. एवढा घाम कोणाला येतो?

काकू : येतो एकेकाला.

मॅडम : हिवाळ्यात? माझ्या अंगात स्वेटर आहे, काकू. अर्ज कोणी भरला?

काकू : अक्षर माझं, सही यांची. मदत यांच्या नावावर आहे ना. परांचीवरून पडायच्या आधी तीस वर्षं रंगारी होते. कुठं एक डाग राहिलेला चालायचा नाही. कागदाचंही तेच. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

मॅडम : चांगलंच आहे की.

काकू : चांगलं कसलं? तिथंच तर घोडं अडलं.

मॅडम : म्हणजे?

काकू : जरा इकडे सरका. अजून. मॅडम, यांना कमरेखाली काही कळत नाही. कधी झालं, किती झालं, काहीच. काल रात्री तीनदा बदललं. अंगाखालची, अंगावरची. सहा त्यांच्या आणि सातवी माझी. त्यांना सांगते, घाम आलाय.

मॅडम : आणि त्यांना ते पटतं?

काकू : चार वर्षं पटतंय. कडक माणूस आहे हो. दवाखान्यात नर्सकडून तोंड पुसून घ्यायलासुद्धा तयार नव्हते. हे कळलं तर पाणी प्यायचं सोडतील. आता तुम्हीच सांगा, त्यांच्यापुढे जाणाऱ्या कागदावर मी काय लिहायचं होतं?

मॅडम : काकू, हे तुम्ही चौकशी लागल्यावर सांगताय. अशा गोष्टी मी रोज ऐकते. काही खऱ्या असतात, काही नसतात. मला काकांना विचारावं लागेल.

काकू : नाही.

मॅडम : दोनच प्रश्न.

काकू : नाही म्हटलं ना. मशीन नको मला. फाडा तो अर्ज. लिहा खुशाल, बाई लोकांची धुणी धुते. महिन्याची मदत बंद करायची तर करा. पण त्या दारातून आत जायचं नाही.

(आतला रेडिओ बंद होतो.)

काका : अगं, येऊ दे त्यांना.

काकू : तुम्ही पडा स्वस्थ. मॅडम निघाल्यात.

काका : मग तिथूनच ऐका, मॅडम. 'घाम' खोडा आणि खरं काय ते लिहा. कमरेखालचं गेलंय माझं. नाक शाबूत आहे.

काकू : अहो...

मॅडम : कधीपासून माहीत आहे तुम्हाला, काका?

काका : पहिल्या दिवसापासून.

काकू : आणि चार वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत? त्या अर्जावर सहीसुद्धा केलीत, 'घाम' वाचून.

काका : केली. दर वेळी तू इतकं मन लावून सांगायचीस, खोली कोंदट आहे, ब्लँकेट जाड आहे. म्हटलं, खरं मानल्यासारखं करावं. तुझ्यासाठी करता येईल असं तेवढं एकच काम उरलं होतं मला.