शिवेल त्याचं मशीन

हॅलो?… कोण? जरा मोठ्यानं बोला, घरात मशीन चालू आहे… मशीन, मशीन… अगंबाई, वन्सं, तुम्ही होय. बोला बोला.

…नाही हो, धुण्याचं नाही. शिवणाचं. तुमच्या आईंचं… हो, तेच. आई गेल्यापासून आमच्याकडे आहे ते, आणि जे तुम्ही रविवारी नेणार आहात तेच.

…आज? आज कशी गाडी पाठवलीत? आज शुक्रवार ना… हां, सामानाची गाडी इकडे येतच होती म्हणून. बरोबर आहे. रिकामी कशाला परत न्यायची… गाडीवाला कुठवर आलाय? पत्ता विचारत विचारत येतोय. म्हणजे पोचेलच… नाही, नाही, माझा आवाज असाच आहे. मी भाजी चिरतेय.

…कोण चालवतंय म्हणजे? तुमचे दादा चालवतायत… आमचे हेच. दुसरे कुणी दादा आहेत का तुम्हाला?

…हसा, हसून घ्या. मी दोन महिने हसतेय.

अहो, ऐका ना. मागे तुम्ही फोनवर काय म्हणालात?… नाही, त्याच्यानंतर. म्हणालात, 'तिकडे टेबलक्लॉथ पांघरून, डोक्यावर फुलदाणी घेऊन बसलंय बिचारं. मी रोज शिवते, मला द्या. कसेल त्याची जमीन, तसं शिवेल त्याचं मशीन.'… गमतीत म्हणालात, मला कळलं. यांनी तो कायदा धरला. फोन ठेवला, फुलदाणी उचलून खाली ठेवली आणि मला विचारतात, 'सुई कुठून मिळते?'

…नाही हो, सरळ शिलाई करत असते तर मी कशाला बोलले असते? तुम्ही दुलयांवर करता ना, ती वेलांट्यांची, वळणावळणाची… हां, फ्री मोशन. तीच शिकायची म्हणाले. 'धाकटीला येते आणि मला येणार नाही?'… हे त्यांचं वाक्य आहे, माझ्यावर नका ओरडू.

…शिकवणार कोण? व्हिडिओत एक बाई आहे. ती म्हणते, 'खांदे सैल सोडा.' हे लगेच खांदे सोडतात आणि 'हो मॅडम' म्हणतात. पस्तीस वर्षं झाली लग्नाला, मला नुसतं 'हो' म्हणाले नाहीत कधी. मॅडम तर राहूच द्या.

…दाते? करतात की खाली. आता येतं त्यांना. पहिल्या दिवशी काय झालं, ते सांगते… नाही, ऐकाच. मी स्वयंपाकघरात. इकडून हे ओरडले, 'दाते खाली गेले, दाते खाली गेले.' आता मला काय ठाऊक, मशीनला दाते असतात, ते कापड पुढे सारतात, आणि ही तुमची शिलाई करताना त्यांना खाली बसवून ठेवायचं असतं. मला ऐकू आलं, 'दात खाली गेले'… हो ना. मला वाटलं, कवळी गिळली. धावत आले आणि पाठीत चार गुद्दे घातले. चांगले सणसणीत… अहो, कवळी ग्लासात. बेसिनवर.

…ते काय म्हणणार? खुर्चीवरून खाली आले होते. म्हणे, 'शाबासकी द्यायची ही कुठली पद्धत?'

थांबा हं एक मिनिट. — अहो, पाय थांबवा जरा. वन्संचा फोन आहे… तुमच्या बहिणीचा. गाडी पाठवली म्हणतात… आजच. आत्ता.

…वन्सं, आहात ना? ऐकलं. चष्मा पुसला आणि पुन्हा सुरू. आधीपेक्षा जोरात. ऐकू येतंय?… सकाळपासून असंच चाललंय.

…आईंसारखा आवाज नाहीच येत. कसा येईल? त्यांचा पाय एका लयीत चालायचा. यांचा पाय मधेच अडतो, चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. तुटला की 'चुक्' करतात… ते बघा, आलं ना ऐकू?

…अहो, त्यांचं दुखणं निराळंच आहे. सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला. कचेरीत पट्टी आणि घरीही पट्टी. आणि इथे कापड आपणच फिरवायचं, मशीन नुसतं टाके घालणार. ती बाई म्हणते, 'मन जाईल तिकडे हात जाऊ द्या.' यांनी व्हिडिओ थांबवला आणि मला विचारलं, 'तिकडे म्हणजे किती अंशात?'… मी म्हटलं, मला काय विचारता? तुमचं मन कुठे जातं ते मला तरी कधी कळलंय?

…मग काय, आलेखाच्या कागदावर वेलांट्या काढल्या. कंपासनं… हो, कंपासनं. मुक्त वेलांट्या, सगळ्या एकाच मापाच्या. खाली सहीसुद्धा केली.

…सराव कशावर म्हणजे? घरात कापड म्हणून जे जे होतं त्यावर. भांडी पुसायची फडकी, पातेली धरायची फडकी, माझा ॲप्रन. उशीच्या एका अभ्र्याचं तोंडच शिवून टाकलंय. उशी बाहेर… आणि बाजाराची पिशवी. परवा मी दुकानात कांदे घ्यायला गेले, पिशवी उघडेना. ओढतेय, ताणतेय, मागे रांग. दुकानदार म्हणतो, 'बाई, घ्यायचं नसेल तर तसं सांगा, पिशवीशी कशाला भांडता?' घरी येऊन सांगितलं तर म्हणतात, 'टाके कसे वाटले?'

…आता? आता दुलई चालू आहे. दुलई कसली, वर जुना पडदा, खाली जुनी चादर आणि मधे कापूस. तुम्हाला दाखवायची होती. रविवारपर्यंत एक कोपरा तरी बरा झाला की गाडी परत पाठवता येईल, असा त्यांचा हिशेब… मला बोलले नाहीत. पण मला कळतं ना.

…टाके? टाक्यांचं नाव काढू नका. एक मुंगीएवढा, पुढचा बोटभर. हात पळाला की पाय झोपतो, पाय पळाला की हात… आणि उलटं करून बघाल तर खाली दोऱ्याचा नुसता गुंता. घरटंच. चिमणी संसार थाटेल त्यात… रोज. रोज हे बसून उपसतात ते, चिमट्यानं. आणि कुणी विचारलं तर 'प्रगती आहे' म्हणतात.

…काय? कुठला दांडा?… मागचा. मशीनचा, कापड दाबणारा पाय खाली करायचा. हो, पण ती उड्या मारणारी पट्टी आहे ना त्या पायाला, ती कापडाला टेकतच नाही… थांबा, विचारते. — अहो, वन्सं विचारतायत, मागचा दांडा खाली करता का?… का नाही?… वन्सं, म्हणतात, पाय कापडाला टेकायचाच नाही तर खाली करून काय उपयोग?

…हो… हो… असं होय? — अहो, कापडासाठी नसतो तो. वरच्या दोऱ्याला ताण बसावा म्हणून. दांडा वर असला की दोरा सैल सुटतो आणि खाली गुंता होतो… हो, दर वेळी. — वन्सं, दोन महिन्यांची घरटी आठवतायत बहुतेक.

…कधीच नाही केला, म्हणतात… शिव्या नंतर द्या, आता करतायत. केला. बसले नीट. खांदे सैल सोडले.

…वन्सं. वन्सं, ऐकताय ना? आवाज बदलला की हो. खडखड नाही, अडखळत नाही… मी जाऊन बघते. अगंबाई. सारखे येतायत. टाके सारखे येतायत वन्सं, मोहरीचे दाणे मांडावेत तसे. आणि वळण घेतलं. आता दुसरं. कंपासचं नाही, खरं… पान आहे का ढग आहे ते मला विचारू नका, पण अडत नाहीये कुठे. जीभ बाहेर काढून शिवतायत.

…वन्सं? काय म्हणालात?

…हो. आता तसाच येतोय खरा. आईंसारखा.

…नका हो. तुम्ही असं बोललात की मलाही… थांबा, बेल वाजली.

…गाडीवालाच आहे. — या, आत या. हो, तेच मशीन, खिडकीजवळचं. — अहो, उठा आता… उठा ना. माणूस खोळंबलाय.

वन्सं, उठत नाहीयेत… रुसले नाहीत हो. उठताच येत नाहीये. शर्टाचं टोक… दुलईच्या खाली सरकलं होतं. शिवून टाकलंय… चांगलं वीतभर. अगदी पोटाशी.

…उसवा काय उसवा. म्हणून बघा तुम्ही. — अहो, उसवायचं का?… ऐकलंत? 'जन्मात पहिल्यांदा टाके सारखे आले आणि ते उसवू?' …हो ना, सारखे आले ते नेमके शर्टात.

…शर्टच काढा म्हटलं, तर बटणं दुलईच्या आत. हात घालून शोधतायत. गाडीवाला तोंड फिरवून हसतोय… त्यानंच सुई वर केली बिचाऱ्यानं, दोरा तोडला. मशीनपासून सुटले. दुलईपासून नाही. उभे आहेत आता, पुढे गुडघ्यापर्यंत पडदा लोंबतोय. आणि मशीनवरचा हात काही काढत नाहीत.

— अहो, सोडा ना. त्याला उचलू द्या… काय?… पुन्हा बोला.

…वन्सं, ते काय म्हणाले सांगू? 'मला ते हवंय.'

…एवढंच. माझ्याकडे बघून नाही, मशीनकडे बघून… मलाही नवलच वाटतंय. या माणसानं कधी काही मागितलं आहे का? चहा घेणार का विचारलं तर 'चालेल' म्हणतात. नवीन चपला घ्यायच्या का, 'चालेल.' आणि आज म्हणतात, हवंय.

…माहीत आहे. तुम्हालाही हवंय. मी कुठे नाही म्हणतेय? नुसतं शिवायला नको आहे तुम्हाला, ते कळत नाही का मला… हो, सांगितलंय यांनी. आई शिवायला बसल्या की तुम्ही दोघं खाली, त्यांच्या पायाशी, पायडलवर कोण हात ठेवणार म्हणून मारामारी. आणि आई पायानंच दोघांना बाजूला सारायच्या… मारामारी अजून तीच चाललीय. फक्त गुडघे दुखतात आता दोघांचे.

…मी काय सांगू? माझी दोन्हीकडून पंचाईत. तुमचंही खरं आहे आणि यांचंही. मशीन कापून अर्धं अर्धं तर देता येत नाही… थांबा, मी फोन त्यांच्याकडे देते, तुम्ही बोला. — अहो, घ्या… नको म्हणतात. तुम्हीही नको म्हणता. बरं, मग मी आहेच निरोप्या. सांगा.

…हळू, हळू बोला, रडत बोललात की कळत नाही… हो… जसंच्या तसं सांगू? नक्की? — अहो, वन्सं म्हणतात, 'एवढा जीव आहे त्या मशीनवर तर तूच बस म्हणावं त्याच्याबरोबर गाडीत, आणि ये इकडे. पायडल कसं मारायचं ते मी शिकवते. दांडा वर राहिला तर हातावर पट्टी मारीन.'

…थांबा, मशीनवरचा हात काढला. विचार करतायत.

…वन्सं. 'बरं' म्हणाले… नाही, नाही, 'चालेल' नाही म्हणाले. 'बरं' म्हणाले. चपला शोधतायत पलंगाखाली. वाकता येत नाहीये, दुलई आड येतेय.

…तुम्ही चिडून म्हणाला होतात, हो, मला कळलं होतं. त्यांना नाही कळलं. आता फिरवू का शब्द?… नको ना? मला वाटलंच. मग डोळे पुसा आणि त्यांची खोली झाडून ठेवा.

— अहो, शर्ट तरी बदला… दुलईसकट? रस्त्यानं? — वन्सं, दुलईसकट येतायत. उसवायची तर तुमच्यासमोर उसवायची, आधी तुम्ही टाके बघायचे, म्हणतात. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, डबी बरोबर देतेय. आणि रात्री मशीनला हात लावू देऊ नका, मी शेजाऱ्यांची दोनदा माफी मागितलीय.

…मी? मी कशाला येऊ? तुम्ही दोघं भावंडं बसा त्या मशीनवर आळीपाळीनं. मला इथे पुष्कळ कामं आहेत. एक अभ्रा उसवायचा आहे, मग जरा पडायचं आहे… किती दिवस ठेवू? आता ते मी कसं सांगणार, भाऊ तुमचा. मी तर म्हणते, घाई करू नका. चांगली विद्या आहे, सावकाश येते.

…हं, थांबा. पावती भरतोय तो. — काय म्हणालात? नग किती लिहू?… दोन लिहा. एक मशीन आणि एक हे… हो, हेसुद्धा जायचेत… जुने आहेत हो दोन्ही. आडवे ठेवू नका. — ठेवते हं, वन्सं.