संत्र्यांच्या खोक्यांची भिंत

(जेजू बेट. शनिवारची दुपार, चर्चचं स्वयंपाकघर. उद्याच्या जेवणासाठी आजी मुळे चिरतेय. रविवारच्या शाळेची बाई, बोरम, दारात उभी आहे.)

बोरम : नाही म्हणजे नाही, आजी. उद्या मी बायबलातली ती यरीहो शहराची गोष्ट शिकवणार नाही. पाद्रीसाहेबांनाही सांगून टाकते.

आजी : अगं, मग आठवडाभर संत्र्यांची खोकी रचून भिंत कोणी उभी केली? मी?

बोरम : मीच. मुलांना काय मजा! फेऱ्या मारायच्या, ओरडायचं, की भिंत धडाड्! आज सराव घेतला. सगळी टाळ्या पिटतायत, आणि तो दाउल विचारतो, "बाई, आतली मुलं कुठे गेली?"

आजी : काय सांगितलंस?

बोरम : म्हटलं, ती आधीच पळून गेली होती.

आजी : अगं बाई!

बोरम : मग बसून नीट वाचलं. बायका, म्हातारे, पोरं... हेरांना लपवणाऱ्या त्या राहाबचं घर सोडून शहरात कुणालाच जिवंत ठेवलं नाही. तेही देवाच्या हुकुमानं! लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय मी, पण भिंतीच्या पुढे कधी गेलेच नव्हते.

आजी : मग उद्या काय शिकवणार?

बोरम : नोहा. हत्ती, जिराफ, तारू.

आजी : त्या महापुरात कमी मेले होय गं?

बोरम : चेष्टा नका करू. असल्या देवापुढे हात जोडायचे तरी कसे?

आजी : बस इथे. सुरी घे, मुळा चीर. माझं गाव कुठलं, माहीत आहे ना?

बोरम : डोंगराकडचं. आता तिथे नुसते बांबू आहेत.

आजी : आपल्याच सरकारचे सैनिक गाव मारायला आले तेव्हा मी सहा वर्षांची. शेजारच्या काकूनं मला रताळ्यांच्या खड्ड्यात ढकललं, वर पेंढा टाकला. आई बाहेर राहिली. तिच्या कडेवर माझा भाऊ होता.

बोरम : आजी... हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

आजी : बोलायची सोय होती कुठे? कित्येक वर्षं कुठल्या पुस्तकात नाही, कुणाच्या तोंडी नाही. विचारलं तर म्हणायचे, तिथले लोक आधीच पळून गेले होते.

बोरम : मी दाउलला तेच सांगितलं.

आजी : हो गं. म्हणून तर काळजात कळ आली माझ्या.

बोरम : तुम्हाला राग नाही येत? त्या पानाचा?

आजी : येतो की! पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक उचलून तांदळाच्या पिंपात टाकलं होतं. देवाला म्हटलं, तूही त्यांच्यातलाच निघालास. पुढे कितीतरी दिवस चर्चची पायरी चढले नाही.

बोरम : मग परत कशा आलात?

आजी : एकच गोष्ट मनात घोळत राहिली. त्यानं लपवलं नाही. पोरं मेली, तर मेली असं लिहून ठेवू दिलं. जो लपवत नाही ना, त्याच्याशी भांडता तरी येतं. मी रोज भांडते. का करवलं असं, मला अजून कळलेलं नाही. पाद्रीसाहेबांनाही नाही, ते फक्त मोठ्यानं बोलतात.

बोरम : आणि न कळताच विश्वास ठेवायचा?

आजी : शिंपल्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचे मी, तेव्हा तळाशी सगळा गढूळ काळोख. वर आपला धरून दम घ्यायचा सुका भोपळा तरंगतोय, एवढ्याच भरवशावर वर यायचं. खालून कधी दिसला नाही, पण हाताला लागायचा. मला खड्ड्यात का जपलं, आणि भावाला का नाही, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. आणि तो सांगेल. ही खात्री नसती तर मी कधीच बुडाले असते, पोरी.

बोरम : पण मुलांना काय सांगू मी?

आजी : लिहिलंय ते. भिंत पडल्यावर टाळ्या नकोत, जरा वेळ सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. आणि दाउलला म्हणावं, काल मी खोटं बोलले, खरं काय ते मलाही कळत नाही.

बोरम : आजी, भावाचं नाव काय होतं?

आजी : तो मुळा दे इकडे, जाड चिरतेयस.

बोरम : राहू दे. नका सांगू.

आजी : गिल्सू. किती वर्षांनी मोठ्यानं घेतलं गं!

बोरम : उद्या गप्प उभं राहायच्या आधी मुलांना सांगू?

आजी : सांग. चालायला नुकता लागला होता म्हणावं. रानसंत्र्याची फोड पुढे केली ना, की आंबट लागायच्या आधीच डोळे मिटून घ्यायचा.