समुद्राचं पाणी कोण बदलतं?

...आणि वर तो टाकीचा दुकानदार मलाच विचारतो, "साहेब, पाणी किती दिवसांनी बदलता?" बदलत नाही, म्हटलं. का बदलायचं? खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे, म्हणजे छोटा समुद्रच ना तो? मग मला सांगा, समुद्राचं पाणी कोण बदलतं?

तुम्हाला सांगतो, हा प्रश्न टाकला की समोरचा मान डोलावतो. बायको तेवढी म्हणाली, "समुद्र कसला, चार फुटांची काच आहे ती," पण हे काय उत्तर झालं? दर पंधरवड्याला दोन बादल्या पाणी काढा, नव्या पाण्यात समुद्री मीठ मोजून कालवा, ओता, फरशी पुसा, मग कंबर धरून बसा... बंद केलं सगळं. उरलेल्या मिठाच्या डब्याकडे ढुंकून बघितलं नाही. घाण काढायला यंत्र आहे, दर रविवारी मी पाणी तपासतो, नायट्रेट, म्हणजे साठलेली घाण, बेताचं; प्रवाळाला लागणारं कॅल्शियम जागच्या जागी. आठ महिने आकडा हलला नाही. आमच्या मत्स्यप्रेमी मंडळात यावर पाऊण तास बोललो, लोकांनी लिहून घेतलं. पहिल्या रांगेत सासूबाई. आमच्याकडेच असतात, तीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काढलेली बाई. एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, आकडे इतके सारखे राहतात कसे हो?" मी म्हटलं, "समुद्राचं पाणी कोण बदलतं?" तर म्हणाल्या, "तेही खरंच."

पुढे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या दीड महिना मेव्हण्याकडे राहायला गेल्या. चौथ्या आठवड्यात जांभळं प्रवाळ मिटलं, ते उघडेचना. हिरवं पांढरं पडत चाललं. पाणी तपासलं, नायट्रेट दुप्पट, कॅल्शियम खाली. म्हटलं, तपासणीचं औषधच शिळं असणार. नवं आणलं, तेही तेच सांगतंय. बायकोला विचारलं, "काचेला साबण लावलास?" तिने फडकं माझ्याच हातात दिलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी सगळं रडगाणं गायलं. पलीकडून हळूच, "जावईबापू, रागावू नका. दर गुरुवारी तुम्ही कामावर गेलात की दोन बादल्या मी बदलत होते."

"दर गुरुवारी?"

"एक चुकला. सर्दी झाली होती."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतकं छान बोलत होतात..."

मिठाचा डबा उघडला, तळ दिसत होता. नवं मीठ आणलं, आठवडाभर थोडं थोडं पाणी बदललं. नवव्या दिवशी जांभळं उघडलं. हिरवं मात्र गेलं. त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, माझ्या हट्टापायी गेलं ते.

पण तत्त्व माझं चुकलेलं नाही हं. पाण्यात काय कमी पडतंय ते रोज बघून रोज घालणाऱ्याची टाकी पाणी न बदलताही चालते. फक्त ते रोज करणारा माणूस मी नव्हे, एवढाच प्रश्न.

सासूबाई परत आल्यात. गुरुवारी संध्याकाळी पाय लांब करून खुर्चीत बसतात, मी पाणी कालवतो, खारेपणाचा आकडा वाचून दाखवतो. त्या म्हणतात, "पुन्हा बघा."

मी पुन्हा बघतो.