झोपलेल्या विंडोजची उत्तरपूजा

देह नश्वर आहे मंडळी, आत्मा मात्र अमर! तो एका देहातून निघतो, दुसऱ्यात शिरतो, वाटेत त्याला कोणी अडवू शकत नाही! — फक्त नव्या देहात ऐंशी जीबी जागा मोकळी हवी.

हसू नका. आजचा प्रश्न ऐका. जुन्याला निरोप केव्हा द्यावा? नवं घरात आल्यावर, की नवं चालू झाल्यावर? काय म्हणालात आजोबा — आल्यावर? बसा. गोष्ट तुमचीच आहे.

साताऱ्यात श्रीनिवासराव उकिडवे नावाचे गृहस्थ. भूमापन खात्यातून निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता पूर्वज मोजायला बसले! उकिडव्यांचा कुलवृत्तांत — आठ पिढ्या, अकराशे त्रेचाळीस माणसं.

पण अडचण अशी, की लेकीनं वाढदिवसाला दिला मॅक, आणि ह्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालायचं फक्त विंडोजवर! मग काय? मॅकच्या पोटात एक खोटा संगणक बसवला, त्यात विंडोज, विंडोजच्या पोटात उकिडवे. सासरच्या चुलीवर माहेरचा स्वयंपाक म्हणा ना! आणि हा खोटा संगणक सांभाळायला आणखी एक सॉफ्टवेअर. जगात काहीच फुकट उभं राहत नाही.

दसऱ्याला श्रीनिवासरावांनी मॅकला हळदकुंकू लावलं आणि संकल्प सोडला — ‘ग्रंथ पुरा होईपर्यंत विंडोज बंद करणार नाही. अखंड!’ काम संपलं की नुसतं झोपवायचं, सकाळी उठवायचं. पाच महिने! माणसाचा संकल्प एवढा टिकला तर मी घरी बसेन.

आता, पुण्यात ह्यांचा चुलतभाऊ भालचंद्र. त्याचं म्हणणं, थोरली शाखा आमची! त्यानं चार पानी पत्रक लिहायला घेतलेलं. रविवारी कुलसंमेलन. ग्रंथ आला तर ठीक, नाहीतर पत्रक वाटलं जाणार, आणि श्रीनिवासराव कायमचे धाकटे!

बुधवारी भालचंद्राचा फोन. “अण्णा, खोटा संगणक सांभाळायला अजून तेच सॉफ्टवेअर? बैलगाडी आहे रे ती! नवं घे. वाऱ्यासारखं पळतं.”

“तू वापरतोस?”

“मी? अर्थात!”

श्रीनिवासरावांनी नवं उतरवलं. जुनं उचललं, टोपलीत टाकलं, टोपलीही रिकामी केली. गुरुवारी सकाळी, आंघोळ करून, नव्याला सांगितलं — आमचा विंडोज चालव! नव्यानं पाटी दाखवली: ‘हे यंत्र निलंबित आहे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये उठवा, पूर्ण बंद करा, मग इकडे आणा.’

“निलंबित? चौकशीशिवाय?” श्रीनिवासराव ओरडले.

कळलं का मंडळी? यंत्र झोपलेलं, आणि त्याला उठवण्याची विद्या ज्याच्यापाशी, त्यालाच ह्यांनी घराबाहेर काढलेलं! अकराशे त्रेचाळीस उकिडवे गाढ झोपेत! आणि छापखान्याची मुदत — संध्याकाळी सहा.

एक अभंग आठवतो —

*निजला पाहुणा, नेऊ नये खांदी।*
*उठवावा आधी, मग दार॥*

कोणाचा, विचारू नका. सकाळी दाढी करताना झाला.

सिंधूताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “मग जुनं परत आणा की!”

“ज्याला काल टोपलीत टाकलं, त्याच्या पाया पडू?”

“माझ्या आईशी भांडून दर दिवाळीला जाताच ना फराळाला?”

“अगं, पण पूर्ण बंद करायचं म्हणतंय! संकल्प मोडतो माझा!”

सिंधूताईंनी शेंग ठेवली. “अहो, गणपती जागचा हलवायच्या आधी काय करतो आपण?”

“उत्तरपूजा.”

“मग? बसवलेला देवसुद्धा सांगितल्याशिवाय उचलत नाही आपण. तुम्ही झोपलेला विंडोज फरफटत नेताय!”

काय बोलल्या बघा! मी तीस वर्षं कीर्तन करतोय, मला नाही सुचलं.

जुनं सॉफ्टवेअर परत आलं. विंडोज उठला. उकिडवे जागेवर! श्रीनिवासरावांनी कीबोर्डावर चार अक्षता वाहिल्या, डोळे मिटले, आणि बंदचं बटण दाबलं. पाच महिन्यांनी पहिल्यांदा! — आणि विंडोजनं काय करावं? अपडेट सुरू! ‘कृपया संगणक बंद करू नका.’ पाच महिन्यांचं साचलेलं, एकदम! दोन तास नवराबायको पडद्यापुढे हात जोडून. एवढी भक्ती त्या घरात सत्यनारायणालाही झाली नव्हती.

मग नव्यानं विंडोज मुकाट चालवला, आणि पावणेसहाला ग्रंथ छापखान्यात पोचला.

रविवारी संमेलनात भालचंद्र रिकाम्या हातानं. श्रीनिवासरावांनी अगदी नम्रपणे विचारलं, “पत्रक कुठाय रे?”

भालचंद्र त्यांना खांबाआड घेऊन गेला. “अण्णा, तुला फोन केला ना, त्यानंतर मीही जुनं टाकून नवं घेतलं. पत्रक आतच झोपलंय. तुझं ते जुनं... परत कसं आणतात?”

श्रीनिवासरावांनी सांगितलं हो सगळं! अक्षतांसकट. थोरले ना ते!

मंडळी, तुम्ही हसलात. पण जुना डॉक्टर, जुना शेजारी, जुना मित्र — ज्याच्यापाशी आपलं काहीतरी झोपलेलं आहे, त्याला नव्याच्या नादात टोपलीत टाकलंय की नाही? घरी जाऊन बघा. उठवा, दोन शब्द बोला, मग खुशाल हलवा.

आता आरती. त्याआधी एवढंच, की मखरातल्या माळेचा प्लग काढून तिथं कोणी मोबाईल चार्जिंगला लावलाय, त्यांनी तेवढा काढून घ्यावा. देव अंधारात बसलाय.