मधल्या चौकातली म्हैस

सावरखोल पोलीस चौकी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी.
सोमवार, ता. ११ मे १९६४. जबाब घेण्यास सुरुवात दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

नाव तुळसा, भ्रतार दत्ताराम धुरी. वय अंदाजे सेहेचाळीस. धंदा एक म्हैस बाळगून दूध घालणे. राहणार सावरखोल, भट्टीवाडी, बंद पडलेल्या कौल कारखान्याच्या मागे.

समक्ष हजर राहून सांगते की, लग्न होऊन आल्यापासून मी वरील ठिकाणी राहते. मला लिहितावाचता येत नाही. मी मालवणीत सांगते आहे आणि हवालदार ते कचेरीच्या भाषेत उतरवून घेत आहेत. माझी म्हैस, नाव चांदी, काल संध्याकाळपासून गावच्या कोंडवाड्यात आहे. काल रविवारी तिने गृहरचना संस्थेच्या समारंभात अडथळा केला व तो मी मुद्दाम करविला, अशी संस्थेचे चेअरमन गुरुदास सामंत यांची तक्रार आहे. त्यावर माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

कौलांचा कारखाना १९५१ साली बंद पडला. जागा बावीस एकर आहे. मालक जाताना फाटकाला मोठे कुलूप लावून गेले, पण शेजारचा दगडी गडगा पडला होता तो तसाच ठेवून गेले. त्यामुळे कुलूप आजपर्यंत शाबूत आहे. भट्टीचे छप्पर बसले, धुराडे उभे आहे. तेव्हापासून सगळा गाव त्या जागेतून चालतो. विहिरीवर, शाळेत, होडीच्या तरीवर, बाजाराला. चालायला कोणी सांगितले नव्हते आणि कोणी अडवलेही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी त्या पडीक जागेवर नवी वसाहत करायचे ठरले आणि पुण्याहून लेले नावाचे तरुण इंजिनिअर आले. त्यांनी देवळात सभा घेऊन नकाशा लावला. म्हणाले, या वसाहतीत मोटार शिरणार नाही. विहीर, शाळा, दुकान, दवाखाना, सगळे दहा मिनिटांच्या चालीवर राहील. पडक्या भट्टीचे चिरे घरांना वापरायचे, उभे झाड तोडायचे नाही, डोंगराचे पाणी समुद्राला फुकट द्यायचे नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात नवे काय ते मला समजले नाही. आमच्या वाडीत मोटार कोणाकडेच नाही आणि चालण्यावाचून आम्हाला दुसरे काही येत नाही. पण लेले साहेब माणूस भला. जीप गावाबाहेर ठेवून चालत यायचे. त्यांच्याबरोबर चेअरमनही यायचे, ते जीपमध्ये बसून राहायचे.

साहेबांनी पहिले तीन रस्ते दोरी धरून सरळ आखले. त्या पावसाळ्यात दोन वाहून गेले आणि तिसऱ्याचा व्हाळ झाला, त्यात लोक अजून कपडे धुतात. मग एके दिवशी साहेब उतारावर मला भेटले. म्हणाले, “बाई, तुम्ही रोज इथून जाता, तुमचा पाय कसा घसरत नाही?” मी म्हटले, “माका काय इचारतात? मी म्हशीच्या मागसून जातंय. तिका इचारा.” हे मी वैतागून बोलले, कारण माझ्या डोक्यावर गवताचा भारा होता. साहेबांनी ते खरे धरले. शिकलेल्या माणसाशी जपून बोलावे हे मला तेव्हा माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस चांदी पुढे, तिच्या मागे मी, माझ्या मागे चुन्याचे घमेले घेतलेला शिपाई आणि त्याच्या मागे छत्री धरून साहेब, अशी आमची वरात त्या जागेतून फिरली. चांदी पाय टाकील तिथे शिपाई चुना टाकी. एक दिवस गोठ्यापासून सुरुवात केली, एक दिवस विहिरीपासून, एक दिवस शाळेच्या घाटीवरून. गावाला फुकटची करमणूक झाली. जानकी वाणीण दुकान उघडे टाकून बघायला यायची. म्हैस चढ टाळते, घसरण टाळते, सावली धरून चालते, हे सगळे साहेबांनी वहीत लिहून घेतले. ती जाते कुठे, हे मात्र त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

चुन्यावरून नकाशा तयार झाला तेव्हा सगळ्या वाटा कारखान्याच्या जुन्या मातीच्या खाणीवर येऊन मिळाल्या. साहेब हरखून गेले. सभेत म्हणाले, गावाने आपला मध्य आपणच शोधून काढला आहे. त्यांनी तिथे ‘मधला चौक, पाण्यासह’ असे लिहिले. खाणीत बारमाही पाणी असते, डोंगराचे सगळे पाणी तिथेच उतरते, ते राखावे असे त्यांचे मत होते. यंदा जानेवारीत त्यांची बदली झाली. त्यानंतर चेअरमननी ठरवले की पाणी भरलेला चौक हा चौक नव्हे, तिथे झेंड्याचा खांब आणि भाषणाला ओटा पाहिजे, तेव्हा खाण बुजवावी. फुटक्या कौलांच्या दहा गाड्या काठावर आणून टाकल्या. फाटकाशी पाटी लावली की आत वाहने व गुरे यांना मनाई आहे. पाटीवर काय आहे ते मला काल कळले. मला वाचता येत नाही, चांदीलाही येत नाही. पण रस्ते म्हशीच्या वाटेवरून आखले, असे लेले साहेबांनी नकाशाच्या कोपऱ्यात आपल्या सहीने लिहून ठेवले आहे. हवालदारांनी ते वाचून पाहावे.

म्हैस रोज चार वाजता त्याच खाणीवर का नेता, असे विचारल्यावरून सांगते की, माझा नवरा दत्ताराम कारखान्यात माती खणायला होता. १९५१ च्या श्रावणात शेडमधली माती संपली. भर पावसात खाणीच्या कडेखालून माती काढू नये हे कोणीही सांगेल, पण कारखान्याला घाई होती. दुपारी चारच्या सुमारास कड खाली आली. दोघांना ओढून काढले. दत्ताराम सापडला नाही. तीन दिवस शोधला, मग खाणीत पाणी भरले आणि कारखाना बंद झाला. त्या वेळी याच चौकीत जबाब झाले. हवालदार वेगळे होते, टेबल हेच होते. मुकादमाने नुकसान सांगितले ते मी दारात उभी राहून ऐकले. पिकाव दोन, घमेली सहा, माणूस एक.

मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते. मी रोज चार वाजता खाणीच्या काठावर जाऊन बसू लागले. पहिल्या महिन्यात लोकांनी माझ्यासाठी देवळात गाऱ्हाणे घातले. दुसऱ्या महिन्यात बाई खुळावली असे ठरले आणि फोंडाघाटाहून माझा भाऊ मला न्यायला आला. तो एकटाच परत गेल्यावर मी म्हैस घेतली. बाई खाणीवर कशाला जाते असे सगळे विचारतात. म्हैस कशाला जाते असे कोणी विचारत नाही, म्हशीला पाणी लागते. चांदी ही त्या पहिल्या म्हशीची पारडी. आईच्या मागून ती वाट शिकली. त्यानंतर तेरा वर्षांत मला कोणी खुळी म्हटले नाही, उलट म्हशीला किती जपते म्हणून नाव झाले. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. हवालदारांनी विचारले म्हणून सांगितले.

कालच्या प्रकाराबद्दल सांगते की, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या हातून खाणीत मातीची पहिली पाटी टाकायचा कार्यक्रम होता. पाहुणे फाटकाशी जीपमधून उतरले. तिथून चौक दहा मिनिटांच्या चालीवर आहे. त्यांना चाळीस मिनिटे लागली, कारण वाटेत चार कमानी होत्या आणि प्रत्येक कमानीखाली हार होता. काठावर उभे राहून त्यांनी भाषण केले. म्हणाले, ही वसाहत चालणाऱ्यांची आहे, ज्याला पाय आहेत त्याचा इथे पहिला हक्क. चांदीला चार आहेत. ती नेहमीच्या वेळेला नेहमीच्या रस्त्याने आली, मंडपातून कोणाला धक्का न लावता गेली आणि पाण्यात उतरून गळ्यापर्यंत बसली. पाहुण्यांच्या हातात मातीची पाटी होती. म्हशीच्या डोक्यावर माती कशी टाकायची, म्हणून ते थांबले.

चेअरमन ओरडले, “तुळसा, काड गो ती म्हस भायर!” मी म्हटले, “तिचा न्हाणा झाला की येतली.” त्यांनी माणसे पाण्याच्या कडेपर्यंत पाठवली. चिखलात उतरायला कोणी तयार झाले नाही, सगळ्यांचे कपडे धुतलेले होते. बँडवाल्यांनी वाजवून पाहिले. चांदीने कान हलवले. पाहुणे प्रथम हसत होते, मग घड्याळ बघू लागले. साडेपाच वाजता पाटी खाली ठेवून ते चालत फाटकापर्यंत गेले. या खेपेला त्यांना दहाच मिनिटे लागली. ते गेल्यावर चांदी आपणहून वर आली आणि तिला दावे लावून कोंडवाड्यात नेले.

म्हैस मुद्दाम आणली काय, असे विचारले. मी म्हैस रोजच्या वेळी आणली, समारंभ त्यांनी त्या वेळी ठेवला. म्हशीला हाक मारून बाहेर काढता आली असती काय, असे विचारले. आली असती. माझ्या एका हाकेला ती येते. मी हाक मारली नाही. हा अडथळा असेल तर तो म्हशीचा नाही, माझा आहे, तसे लिहावे. मातीची पाटी हातात घेतलेली पाहिली आणि मला फार राग आला. तेरा वर्षांपूर्वी दत्तारामावर पडली ती माती कोणी मुद्दाम टाकली नव्हती. ही तर हार घालून टाकणार होते.

आज सकाळी चेअरमन माझ्या घरी आले होते. तक्रार मागे घेतो, नव्या वसाहतीत बारा नंबरचे घर तुझ्या नावे आहे तेही राहील, फक्त खाण बुजवायला हरकत नाही म्हणून अंगठा दे, असे म्हणाले. शिवाय बारा वर्षे उलटली आहेत, भटजींना बोलावून दर्भाचा पुतळा करून क्रिया करून टाक, खर्च संस्था करील. मी म्हटले, म्हैस दुभती आहे, मला सवड नाही. तेव्हा ते म्हणाले, “चौकाक दत्तारामाचा नाव घालूया. आनी काय व्हया तुका?” मी म्हटले, “नाव माका पाठ आसा. तेच्यासाठी चौक कित्याक व्हयो?” तेव्हा ते उठून गेले. माणूस वाईट नाही. लहानपणी ते आणि दत्ताराम एकाच गळाने मासे धरीत.

चेअरमनशी माझे वैर नाही. नवी वसाहतही मला नको आहे असे नाही. चिऱ्याचे घर आणि दाराशी विहीर कोणाला नको? पण गुरुदास सामंत तेव्हा कारखान्यात हजेरी घ्यायला होते. माणूस आत आला की एक खूण आणि सुटला की दुसरी, अशी त्यांची रीत होती. त्या दिवशीच्या पटात दत्तारामापुढे आत आल्याची खूण आहे, सुटल्याची नाही. ती त्यांच्याच हातची आहे. तो पट त्यांनी मला त्या वर्षी दाखवला होता, तेव्हा ते माझ्यासमोर रडले होते. सुटल्याची खूण त्यांनी अजून केलेली नाही. ती करण्याआधी वर ओटा बांधू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. लेले साहेबांनी लिहिले तसे चौक करावा, पाण्यासह.

आणखी काही सांगायचे आहे काय, असे विचारले. म्हैस सोडावी. चार वाजत आले आहेत. मला एकटीला जाता येईल, वाट पाठ आहे. पण मोकळ्या हाताने गेले तर वाटेत कोणीही विचारील, तुळसा, खंय चललंस? तेरा वर्षांत मला त्याचे उत्तर द्यावे लागलेले नाही आणि आता सुचणारही नाही.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मालवणीत समजावून वाचून दाखविला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. फक्त वर नवऱ्याच्या नावापुढे ‘मयत’ असे घातले होते, ते मी खोडायला लावले. त्या जागी हजेरीपटात आहे तसे ‘हजर’ लिहावे असे मी सांगितले. तसे लिहिता येत नाही, असे हवालदार म्हणाले, आणि त्यांनी ती जागा कोरी ठेवली. बाकी बरोबर आहे.

तुळसा भ्रतार दत्ताराम धुरी हिच्या डाव्या हाताचा अंगठा.
जबाब संपला दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी.