जळक्या दुकानाची चौकशी

महाल भागातलं आमचं शिलाईचं दुकान जळाल्यावर पुन्हा उभं झालं ते आत्याच्या मशीनवर, सरकारच्या मदतीनं नाही गा! आठवडाभरातच बाबा जळक्या दुकानासमोर तिची मशीन मांडून बसले. तीन महिन्यांनी मदतीच्या अर्जाची चौकशी करायले एक साहेब उगवले.

“हे काय करून राहिले तुम्ही?”

“शिवून राहिलो, साहेब. पोट आहे ना.”

“म्हणजे धंदा चालू आहे! मग मदत काहून पाहिजे?”

त्यानं तिथंच अर्जावर ‘नामंजूर’ लिहिलं. बाबांचं तोंड उतरलं.

जाता जाता त्या बेशरमानं पिशवीतून उसवलेली पँट काढली. “एवढी शिवून द्या बरं.”

बाबांनी हात पुढे केला, तर बाजूला बटनं लावत बसलेल्या आईनं मशीनवर झाकणच ठेवलं.

“धंदा बंद आहे, साहेब. आता लिहा!”