गेटवरचा अंगठा

अपघात भरपाईच्या ऑफिसात बाकावर बसलेल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई शेजारचं बोलणं कानात प्राण आणून ऐकत होत्या. शेजारची बाई आपल्या नवऱ्याच्या कारखान्यातल्या जोडीदाराला विचारत होती.

"भावजी, अर्ज फेटाळलाच कसा? यांचा पाय मशीनमध्येच गेला ना?"

"माझ्या डोळ्यांदेखत, वहिनी."

"मग साहेब का म्हणतात, अपघात बाहेर रस्त्यावर झाला? म्हणे यांनी आधी गेटवर अंगठा लावला, ड्युटी संपवली आणि गेले. अहो, बेशुद्ध माणूस अंगठा लावेल कसा?"

"मी लावला."

"काय?"

"अंगठा टेकवल्याशिवाय ते गेट उघडतच नाही. रक्ताची धार लागलेली, हा माझ्या खांद्यावर. त्याचाच हात धरला, टेकवला आणि दवाखान्याकडे पळत सुटलो."

"अगं बाई! मग हे साहेबांना सांगायचं नाही का?"

"सांगितलं ना! दुसऱ्याचा अंगठा लावला म्हणून कंपनीनं मलाच कामावरून काढलं."

"आणि लावला नसता तर?"

"तेही साहेबांना विचारलं मी."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, मग तो गेटच्या आतच मेला असता, आणि भरपाई लगेच मंजूर झाली असती."